रात्री बारानंतर काही नको

मधुमेही : फोनवर मला एकच वाक्य सांगितलं, "रात्री बारानंतर काही खायचं-प्यायचं नाही, सकाळी सातला या." पित्ताशय काढायचं होतं. मी साताऱ्याची, ऑपरेशन मिरजेत, म्हणून आदल्या रात्री सांगलीला बहिणीकडे मुक्काम केला. पंधरा वर्षं शुगर आहे मला. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, रात्री ग्लार्जिन इन्सुलिन १८ युनिट. त्या वाक्यात पोटाचं सगळं होतं, गोळ्यांचं आणि सुईचं अवाक्षर नव्हतं. मी दोन्ही नेहमीसारखं घेतलं. गोळी चुकवायची नाही, हे पंधरा वर्षं तुम्हीच लोकांनी बजावलंय ना? सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर गिळली आणि नंतर त्या घोटभर पाण्याचीच धास्ती वाटत राहिली. नंबर लागायला दीड वाजला. साडेदहाच्या सुमाराला कॉटवर बसल्या बसल्या दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले, समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे एकमेकांत मिसळले. यंत्र पिशवीत होतंच. बोट टोचलं, तर ५६. शुगर उतरली तर असावा म्हणून माझ्या पर्समध्ये कायम एक कंदी पेढा असतो. तो कागदातून काढला, तळहातावर धरला आणि परत गुंडाळून ठेवला. ऑपरेशन रद्द होईल, पुन्हा तारीख, पुन्हा रजा, पुन्हा बहिणीला त्रास. शेवटी शेजारच्या कॉटवरच्या बाईंनी आरडाओरडा केला तेव्हा नर्स धावत आली आणि शिरेतून ग्लुकोज दिलं. रुग्णालयाचं नाव मी घेणार नाही, कारण तेच वाक्य मी नंतर कितीतरी जणांकडून ऐकलं. माझा आक्षेप त्या वाक्यावर आहे.

भूलतज्ज्ञ : बाई, तुमची शुगर ५६ वर आली ही चूकच होती, त्यावर वाद नाही. पण ते वाक्य मी सहजासहजी सोडणार नाही. भूल दिली की घशाची राखण बंद पडते. पोटात अन्न असेल तर ते उलटून घशात येतं आणि तिथून श्वासनलिकेत उतरतं. जागेपणी भाताचं एक शीत चुकीच्या वाटेने गेलं तर ठसका लागून डोळ्यांत पाणी येतं. भूल दिलेल्या माणसाला तो ठसकाच येत नाही. १९४६ साली न्यूयॉर्कच्या मेंडेल्सन नावाच्या डॉक्टरांनी ४४ हजारांवर बाळंतपणांच्या नोंदी मांडल्या. त्यांतल्या ६६ जणींच्या फुप्फुसांत पोटातलं गेलेलं होतं आणि दोघी घट्ट अन्नाने गुदमरून गेल्या. आकडा लहान वाटेल. ज्याने टेबलावर एकदा असं होताना पाहिलंय त्याला तो लहान वाटत नाही, आणि मी पाहिलंय. तो पेढा परत गुंडाळलात हेही बरोबरच केलंत. पेढा म्हणजे खवा, पोटाच्या दृष्टीने घट्ट अन्नच. शिवाय खव्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते, म्हणजे ज्या कामासाठी तुम्ही तो बाळगता त्या कामालाही तो आळशी. तुम्हाला हवी होती तीन चमचे साखर, पाण्यात विरघळवून.

मधुमेही : पण पाणीच तर बंद केलं होतं, डॉक्टर. साखरपाणी घ्या, हे तुम्ही आत्ता सहज म्हणालात. त्या सकाळी मला हे कोणी सांगितलं होतं?

भूलतज्ज्ञ : सांगायला हवं होतं. शुगर ७० च्या खाली आली की उपाशी राहण्याचा हुकूम तिथेच संपतो. घरी किंवा वाटेत असलात तर साखरपाणी घ्यायचं, वॉर्डात असलात तर नर्सला हाक मारायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचायचं, आणि काय घेतलं, किती वाजता घेतलं ते आम्हाला सांगायचं. ऑपरेशन दोन-चार तास पुढे जाईल, फार तर तारीख बदलेल. लपवलं तर मात्र जिवाशी गाठ. भूल चढली की घाम, थरथर, भूक यांतलं काहीच माणूस सांगू शकत नाही. शुगर ३० वर गेली तरी तो शांत झोपलेलाच दिसतो. म्हणून तर ऑपरेशनच्या वेळी शुगर १०० ते १८० च्या दरम्यान असावी असं आम्ही बघतो. किंचित जास्त चालते, कमी नको.

मधुमेही : म्हणजे हुकुमाला अपवाद आहे. मग हुकूमच थोडा उकलून बघू. त्या दिवसानंतर मी वाचत सुटले. जंतुनाशक शस्त्रक्रियेची वाट दाखवणाऱ्या जोसेफ लिस्टरने १८८३ सालीच लिहून ठेवलंय की, क्लोरोफॉर्म देताना पोटात घट्ट काही नसावं, पण दोनेक तास आधी कपभर चहा दिलेला बरा. म्हणजे घट्ट आणि पातळ हा फरक तेव्हाही माहीत होता. मेंडेल्सननंतर भीतीपोटी सगळं एकाच पोत्यात भरलं गेलं आणि "बारानंतर काही नको" झालं. १९८६ साली कॅनडात माल्टबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशनच्या अडीचेक तास आधी लोकांना १५० मिलिलिटर पाणी दिलं आणि नंतर पोटात काय उरलं ते मोजलं. पाणी न पिणाऱ्यांपेक्षा पिणाऱ्यांच्याच पोटात कमी निघालं. १९९९ पासून अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेचे लेखी नियम आहेत. तळलेलं, तुपकट असेल तर आठ तास, हलकं खाणं आणि दूध यांना सहा तास, पाणी किंवा कोऱ्या चहासारखं आरपार दिसणारं पेय असेल तर फक्त दोन तास. मला रात्री बारापासून दुपारी दीडपर्यंत, साडेतेरा तास कोरडं ठेवलं. तुमचं शास्त्र मला पाणी देत होतं आणि तुमचा फोन ते काढून घेत होता.

भूलतज्ज्ञ : हे नियम मला पाठ आहेत. ते इथल्या माणसाला सांगायचे कसे, हा माझा प्रश्न आहे. माण तालुक्यातले एक आजोबा होते, हर्नियाचं ऑपरेशन. काही खाल्लंय का विचारलं तर म्हणाले, "काय सुदिक खाल्लं न्हाय डाक्टर, उपास धरलाय. निसती वाटीभर शाबूची खिचडी खाल्ली पहाटं." ते खोटं बोलत नव्हते. आपल्या घरात उपास म्हणजे शाबू, वरीचे तांदूळ, रताळं, दाण्याची आमटी आणि वर चार वेळा दुधाचा चहा. उपासाला चालतं ते सगळं ऑपरेशनला चालत नाही, आणि तुम्ही म्हणता ते पाणी चालतं म्हणावं तर पाण्याचा कोरा चहा होतो, कोऱ्या चहात घरची माऊली मायेने थोडं दूध घालते, चहाबरोबर एक बिस्किट, गोळी उपाशीपोटी कशी घ्यायची म्हणून अर्धी भाकरी. अशी एकेक पायरी उतरताना मी पाहिलीये. म्हणून आम्ही निर्जळीचाच आधार घेतला. हरितालिकेची निर्जळी म्हणजे काय, ते जतपासून जावळीपर्यंत सगळ्यांना कळतं. त्या एका शब्दाला पळवाट नाही. तुम्हाला तो क्रूर वाटतो. मला तो सर्वांत जास्त जीव वाचवणारा शब्द वाटतो.

मधुमेही : निर्जळी धरणारी माझी आजी इन्सुलिन टोचून घेत नव्हती, डॉक्टर. फरक तिथेच आहे. मिरजेचंच बघा. विल्यम वॉन्लेस यांनी इथे रुग्णालय उघडलं ते १८९४ साली. तेव्हा मधुमेहाला औषध असं नव्हतंच. इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं १९२२ च्या जानेवारीत, टोरंटोत, चौदा वर्षांच्या एका मुलाला. त्याआधीची काही वर्षं तर अमेरिकेत उपासमार हाच नावाजलेला उपचार होता. पोरांना हाडं दिसेपर्यंत कमी खायला द्यायचे आणि त्याबदल्यात वर्ष-दोन वर्षं पदरात पडायची. एके काळी मधुमेह्याला उपासच तगवून धरत होता. औषध आलं आणि तोच उपास धोक्याचा झाला, कारण एकदा अंगात गेलेली गोळी किंवा इन्सुलिन जेवणाची वाट बघत थांबत नाही, ते आपलं काम करत राहतं. मग उपाशी राहा म्हणताना औषधाचं काय करायचं हे सांगितलं नाही तर वाक्य अर्धंच राहिलं ना? इतरांना ते अर्धं वाक्य पुरतं. आम्हाला ते धोक्यात घालतं.

भूलतज्ज्ञ : इथे मी तुमच्या बाजूला येतो. पण ते उरलेलं अर्धं वाक्य केवढं आहे ते बघा. तुमची शुगर उतरवण्यात मोठा हात त्या सकाळच्या ग्लिमेपिराइडचा. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात घास असो वा नसो. ऑपरेशनच्या सकाळी ती घ्यायची नसते. मेटफॉर्मिन एकट्याने शुगर एवढी खाली आणत नाही, तरी त्या सकाळी तेही बहुधा थांबवतात. रात्रीचं ग्लार्जिन बंद करायचं नसतं, पण पाव भाग किंवा थोडं कमी असं उतरवतात, तुमच्या १८ चे १४ झाले असते. ते बंद का करायचं नाही, हे घरच्यांना पटवताना फार जड जातं. माणूस काही खात नसला तरी त्याचं यकृत रात्रभर रक्तात साखर सोडत असतं. त्यात ऑपरेशनचा ताण आला की आणखी सोडतं. उपाशी आजीची शुगर सकाळी २८० निघते आणि मुलं तिच्यावर चिडतात, गुपचूप काहीतरी खाल्लं असणार म्हणून. आजीने काही खाल्लेलं नसतं. जेवण नाही मग सुई कशाला, असा हिशेब करून त्याच मुलांनी तिचं इन्सुलिन बंद केलेलं असतं.

सकाळ-संध्याकाळ ३०/७० टोचणारे आपल्या गावागावांत आहेत. त्या बाटलीत झटपट चालणारं आणि सावकाश चालणारं अशी दोन्ही इन्सुलिनं एकत्र असतात. पुरं घेतलं तर शुगर कोसळते, सोडून दिलं तर चढते. बहुतेक वेळा निम्मं देतात, तेही शुगर बघून डॉक्टरने ठरवायचं. ज्या मुलांचं स्वादुपिंड इन्सुलिन बनवतच नाही, त्यांचं सावकाश चालणारं इन्सुलिन तर एक दिवसही थांबवायचं नसतं, काही तासांत त्यांच्या रक्तात आम्ल साठायला लागतं.

आणि मला सगळ्यांत धास्ती वाटते ती लघवीतून साखर बाहेर काढणाऱ्या गोळीची. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही ती नावं. यांतल्या पहिलीचं पेटंट २०२० मध्ये संपलं, ती स्वस्त झाली, आता हृदयासाठी आणि मूत्रपिंडासाठीही देतात. गोळी चांगली आहे. पण मोठ्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी ती थांबवावी लागते. न थांबवता माणूस उपाशी राहिला तर यंत्रावर १६० दिसतात, सगळे निर्धास्त असतात आणि आत आम्ल साठत जातं. मळमळ, धाप, पोटात दुखणं, हे सगळं ऑपरेशनमुळेच असेल म्हणून सोडून दिलं जातं. तीन दिवस आधी, बाई! माझी आणि रुग्णाची गाठ पडते आदल्या संध्याकाळी, कधी कधी त्याच सकाळी.

मधुमेही : मग ते सांगणार कोण? माझी गोळी लिहिणारे डॉक्टर कोरेगावात, चाकू चालवणारे मिरजेत, भूल देणारे तुम्ही, आणि फोन करते ती चौथीच कोणी. तिच्या हातात माझा कागद नसतो. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने सांगितलं असेल. २०२३ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे आले, देशात १० कोटींहून जास्त मधुमेही. तुमच्या कुठल्याही दिवसाच्या यादीत आम्ही दोन-चार तरी असणारच. आम्ही तुमच्यासाठी अपवाद नाही, रोजचे आहोत. तरी वाक्य अजून मधुमेह नसलेल्या माणसासाठीच लिहिलेलं.

भूलतज्ज्ञ : मी तुम्हाला उलटा प्रश्न विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. दोन घास खाल्ले की पोट तट्ट भरल्यासारखं होतं का? रात्रीचं जेवण सकाळी ढेकरातून येतं का?

मधुमेही : होतं. चार-पाच वर्षं होतंय. वयामुळे, पित्तामुळे असेल म्हणून कोणाला बोलले नाही. ऑपरेशनच्या आधीही नाही.

भूलतज्ज्ञ : आता बघा. बरीच वर्षं शुगर राहिली की पायाच्या नसांसारख्याच पोटाच्या नसाही मंदावतात. जठर वेळेवर रिकामं होत नाही. ते आठ तास, सहा तास, दोन तास हे नियम निरोगी जठराच्या घड्याळावर बेतलेले आहेत आणि ज्या आजाराच्या दाव्याने तुम्ही पाणी मागताय त्याच आजाराने ते घड्याळ तुमच्यापुरतं बिघडवलेलं असू शकतं. त्यात आता आठवड्यातून एकदा घ्यायची वजनाची आणि शुगरची नवी इंजेक्शनं आलीत, तीही पोट सावकाश करतात. म्हणजे मधुमेह्याला जास्त वेळ उपाशी ठेवणं धोक्याचं आणि कमी वेळ ठेवणंही धोक्याचं. दोन्ही धोके एकाच माणसात. मी अडून बसतो ते यामुळे.

मधुमेही : हे मला माहीत नव्हतं, आणि ऐकून घाबरायला झालं. पण मग अंदाजाने का चालायचं? सोनोग्राफीने जठर रिकामं आहे की नाही ते दोन-चार मिनिटांत दिसतं, असं वाचलंय.

भूलतज्ज्ञ : दिसतं, शिकलेला हात असेल तर. पण आपल्याकडे सोनोग्राफीचं यंत्र म्हणजे खिशातली बॅटरी नव्हे. गर्भलिंग निदानाच्या १९९४ च्या कायद्याने प्रत्येक यंत्राची नोंदणी आहे, कोण वापरणार आणि कुठे वापरणार याला बंधनं आहेत. कायदा इतका कडक का, हे सांगलीकरांना सांगायला नको, २०१७ चं म्हैसाळचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण कोणी विसरलेलं नाही. तो कायदा सैल व्हावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण मुलींना वाचवणाऱ्या त्या कायद्यामुळे लहान गावातल्या ऑपरेशन थिएटरच्या दारात, तुमच्या पोटावर ठेवायला माझ्याकडे यंत्र नसतं, हेही खरं आहे. मग उरतं काय? तुम्हाला विचारणं. तुम्ही बोलला नाहीत, आणि ज्याने कोणी तुम्हाला तपासलं त्याने विचारलं नाही.

मधुमेही : ठीक. माझ्या जठराबद्दल तुमची सावधगिरी मान्य. पण नंबराचं काय? मधुमेह्याला यादीत पहिला घ्यावा, हे तर तुमच्याच नियमांत आहे. पहिला घेतलात तर निम्मे प्रश्न सुटतात. सात तास झोपेतच जातात, सकाळची एक गोळी चुकते, दहा-अकराला माणूस चहा प्यायला मोकळा.

भूलतज्ज्ञ : मी पहिलाच लावतो. आणि मग पहाटे अडलेली बाळंतीण येते, बाळाचे ठोके घसरतायत. तुम्ही असता तर कोणाला आधी घेतलं असतं?

मधुमेही : तिलाच. पण तिला आत घेताना कोणीतरी बाहेर येऊन मला म्हणू शकतं, "बाई, तुमचं आता बारापर्यंत होत नाही. शुगर बघू, सलाइन लावू, पोटाचं काही नसेल तर पाणी घ्या." बाळंतिणीमुळे माझं ऑपरेशन लांबलं याचं मला काहीच वाटलं नाही. लांबलंय हे मला कोणी सांगितलं नाही, याचं वाटलं. सातपासून साडेदहापर्यंत एकदाही कोणी बोट टोचलं नाही.

भूलतज्ज्ञ : चाळीस कॉटना दोन नर्स असतात तेव्हा... नाही, राहू दे. हे उत्तर मी कित्येकांना दिलंय आणि आज ते मलाच अपुरं वाटतंय. यादी हलली तर आम्ही सर्जनला कळवतो, रक्तपेढीला कळवतो. जो उपाशी बसलाय त्याला कळवण्याची रीतच नाही.

मधुमेही : आणि जिथे उपाशी ठेवायची गरजच नसते तिथे? माझ्या आईचा मोतीबिंदू नुसते थेंब टाकून काढला. शिबिराला सकाळपासून उपाशी नेली, तिलाही शुगर.

भूलतज्ज्ञ : त्याला माझ्याकडे बचाव नाही. गुंगीचं औषध देणार नसतील तर त्यात उपाशी राहण्यासारखं काही नसतं. सवयीने सांगतात.

मधुमेही : मग मी एक चिठ्ठी सुचवते. शाळेत मुलांच्या वहीत सूचना लिहून घेतो ना, तशी. ऑपरेशन ठरलं त्याच दिवशी, निदान आठवडाभर आधी, रुग्णाच्या हातात द्यायची. वर त्याच्या सगळ्या औषधांची नावं, प्रत्येकापुढे "कधी बंद, किती कमी, कधी पुन्हा सुरू". त्याखाली जेवण किती वाजेपर्यंत, दूध किती वाजेपर्यंत, पाणी किती वाजेपर्यंत. "उपाशी" हा शब्दच नको, "उपास" तर नकोच, नुसते घड्याळाचे आकडे. "शाबू चालत नाही, दुधाचा चहा चालत नाही" असं रोखठोक. आणि शेवटी, शुगर ७० च्या खाली आली तर साखरपाणी घ्या आणि या नंबरावर फोन करा.

भूलतज्ज्ञ : औषधांच्या रकान्यावर मी डोळे मिटून सही करीन, पण तो भरायला तुमच्या कोरेगावच्या डॉक्टरांनी आणि मी आधी एकमेकांशी बोलायला हवं, आणि आजवर आम्ही बोललेलो नाही. शाबूची ओळ तर मला फार आवडली, ती मोठ्या अक्षरात हवी. पाण्याच्या वेळेचा रकाना मात्र मी सगळ्यांसाठी आधीच भरणार नाही. ज्यांच्या पोटाची तक्रार नाही त्यांना दोन तास लिहीन. तुमच्यासारख्यांचा रकाना मोकळा ठेवीन आणि सकाळी तुम्हाला बघून, यादी बघून भरीन.

मधुमेही : मोकळा रकाना म्हणजे घरी निर्जळीच होणार, डॉक्टर. इथे जे लिहिलेलं नाही ते कडक बाजूनेच वाचतात.

भूलतज्ज्ञ : होईल. पण कागदावर पाणी लिहून ते तुमच्या फुप्फुसात गेलं, तर त्या कागदावर सही माझी असेल.

मधुमेही : बरं, पाणी राहू दे. शेवटच्या ओळीचं सांगा. जतहून पहाटेची एसटी पकडून निघालेली माझ्यासारखीच एखादी बाई असेल. गाडी कवठेमहांकाळच्या अलीकडे असताना तिला घाम फुटला, पिशवीत साखरेची पुडी आहे, पण घ्यावी की नाही हे ठरत नाही. चिठ्ठीवर फोन नंबर लिहिलाय. तो पहाटे पाचला कोण उचलणार?

भूलतज्ज्ञ : मी उचलीन. ज्या रात्री मी थिएटरमध्येच असेन, हातमोजे घातलेले असतील, त्या रात्री कोण उचलेल, ते मला अजून सांगता येत नाही.